सहा बोल्टांचं झाकण

"बोल्ट आवळ. झाकाण उघडायचं न्हाई," अंबूआत्या म्हणाली. माझ्या हातातला पाना तिनं काढून घेतला, पदरानं पुसला आणि परत दिला. "मला शब्द दे, दिगू."

मी शब्द दिला. शब्द द्यायला काय जातंय, अशी माझी तेव्हा वृत्ती होती. पिशवीच्या तळाशी गळती थांबवायला घालतात तो पॅकिंगचा नवा कागद घडी घालून ठेवला होता आणि इंजिनाचं ते झाकण उघडायचं हे मी तेलाचा थेंब गळताना बघितला तेव्हाच ठरवलं होतं.

चौऱ्याण्णव सालचा भाद्रपद होता. गडहिंग्लजला भडगाव रोडला आमचं घर, घराला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये आबांची काळी गाडी. आबा म्हणजे माझे वडील, आत्याचा दादा. ते एका डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. डॉक्टर गाव सोडून गेले तेव्हा त्यांनी ही अठ्ठावन्न सालची गाडी आबांना देऊन टाकली. पुढं आबांनी लग्नकार्याला, बाजाराला, देवाला भाड्यानं फिरवून तिच्यावर संसार केला. आदल्या वर्षी आबा गेले आणि गाडी जागेवर बसली.

आबांच्या पाठीमागं घरात एकटी आत्या राहिली. माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली. मला न्हाऊमाखू घालून, धपाटे घालून वाढवलं ते या आत्यानं. त्या श्रावणात ती आडाजवळ चक्कर येऊन पडली होती. सकाळी पडली आणि दुपारी शेजारच्या तानूबाईच्या नजरेस पडली. तोवर उन्हात तशीच पडून होती. मी इचलकरंजीला यंत्रमागांवर फिटर, तिथं बायको शालन, दोन खोल्या. तीनदा तिला न्यायला आलो आणि तीनदा हात हलवत परत गेलो. चौथ्यांदा मी चिडून म्हणालो की पुन्हा पडलीस तर मला तुझं तोंडही बघायला मिळायचं नाही. तेव्हा तिनं अट घातली. या गाडीतून नेणार असलास तर येते. एस्टीनं नाही, जीपनं नाही.

म्हणून मी दोन दिवसांची रजा काढून, बॅटरी, हत्यारं आणि तेलाचा डबा घेऊन आलो होतो. काही झालं तरी तिला घेऊनच जायचं होतं. आणखी एक पावसाळा ती त्या घरात एकटी काढू शकली नसती.

बॅटरी जोडली, प्लग साफ केले, कार्बोरेटर धुतला. चौदा महिने बसलेली गाडी चौथ्या झटक्याला सुरू झाली. आत्या उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिच्या कपाळावर नेहमीसारखं रुपयाएवढं कुंकू होतं आणि तिला आनंद झालेला स्पष्ट दिसत होता. आता राहिली होती ती तेलाची गळती. गाडीखाली तिनं एक टवका उडालेली इनॅमलची थाळी ठेवली होती आणि तिच्यात बोटभर तेल होतं.

"कधीपासून गळतंय?" मी विचारलं.

"दादा असल्यापास्नं. रोज एवढंच. मी सकाळी उचलून परत वरनं वतते."

हे मला पटलं नाही. इंजिनाच्या डाव्या कुशीला पत्र्याचं एक झाकण असतं. पोस्टकार्डापेक्षा किंचित लहान, कडेनं सहा बोल्ट. तेल तिथूनच येत होतं, ओघळ दिसत होता. पण इंजिन बंद असलं की सगळं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं. त्या झाकणापर्यंत ते चढायचं तर इंजिन फिरायला पाहिजे. वर्षभर न हललेल्या गाडीच्या त्या झाकणातून रोज बोटभर तेल गळणं म्हणजे रिकाम्या घागरीतून पाणी सांडण्यातला प्रकार. म्हातारीच काहीतरी सांडलवंड करत असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दुसरी एक गोष्ट मला खटकली. गाडी डाव्या अंगाला कलली होती. पुढचं डावं मडगार्ड उजव्यापेक्षा चार बोटं खाली. वाकून बघितलं तर स्प्रिंगा धड होत्या, चाकात हवा सारखी होती. जमिनीवर पातळी लावून बघितली, जमीनही सरळ. आबा हयात होते तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर कोणाला बसू देत नसत. तिथली स्प्रिंग मोडलीय म्हणायचे. आम्ही पोरं तर पोरं, भाड्याचा नवरदेवसुद्धा मागं बसायचा. मी सीट दाबून बघितली. स्प्रिंग चांगली टणक होती.

मग मी रॉकेलनं झाकण आणि त्याच्या आजूबाजूचा भाग लख्ख धुतला, कोरडा पुसला आणि बिडी ओढत समोर बसलो. गळती शोधायची ती अशीच, पुसून वाट बघायची. अर्धा तास काही झालं नाही.

आत्या चहा घेऊन आली. दोन कप होते. एक मला दिला. दुसरा घेऊन ती डाव्या बाजूला गेली, दार उघडलं, सीट पदरानं झटकली आणि कप पुढच्या फळीवर ठेवला. नंतर दाराला हात टेकून काहीतरी हळू आवाजात सांगत राहिली. मला एवढंच ऐकू आलं, "दिगू न्यायला आलाय. दोघांस्नी." दार तिनं अगदी जपून लावलं.

मी कप खाली ठेवला. माणूस एकटं राहिलं की असं होतं, हे मी ऐकून होतो. पण आपल्या माणसाचं झालेलं बघणं निराळं. मी मान फिरवली तर झाकणाच्या खालच्या कडेला एक थेंब धरला होता. बघता बघता तो सुटला आणि थाळीत पडला. त्याच्यामागं दुसरा. इंजिन तोवर थंड झालेलं होतं.

मी उठलो आणि सहाही बोल्टांवर पाना चालवला. एकही बोल्ट ढिला नव्हता. उलट कोणीतरी गरजेपेक्षा जास्तच आवळलेले. असं केलं की पत्रा वाकतो आणि गळती वाढते, हे मागावरचं शेंबडं पोरगंही सांगेल. आबांसारख्या जाणत्या माणसानं असं का केलं असेल, हे मला कळेना. मी आत्याला समजावून सांगितलं. बोल्ट आवळून काही उपयोग नाही, आतलं पॅकिंग खराब झालंय, दहा मिनिटांचं काम आहे. ती ऐकून घेत होती, पण तिचा चेहरा घट्ट झाला.

"मग न्हाई यायचं मी," ती म्हणाली.

"अगं, अशी गाडी सत्तर किलोमीटर नेली तर वाटेत इंजिन जाम होईल."

"वाटेत तेल वतू. मी थाळी धरते हवं तर."

हसावं का रडावं कळेना. मी हो हो म्हटलं आणि शब्द दिला तो तेव्हाच. जेवलो. गवारीची भाजी, भाकरी, ताक. जेवण झाल्यावर ती आतल्या खोलीत पटकुरावर आडवी झाली. तिचा श्वास संथ झाल्याचं मी दारातून ऐकलं आणि मांजराच्या पावलांनी शेडमध्ये आलो. फळीवरचा कप रिकामा होता. दाराच्या काचेत फट होती, मांजर आत गेलं असेल म्हणालो आणि तो विषय मनातून काढून टाकला.

दुपारचे अडीच-पावणेतीन झाले असतील. बाहेर लखलखीत ऊन होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं. मी डाव्या मडगार्डवर पोट टेकून इंजिनात वाकलो आणि बोल्ट काढायला लागलो. पहिले पाच निमूट आले. सहावा मात्र अर्धा पाऊण तास म्हणून हलेना. रॉकेल सोडलं, पान्याच्या मागं पाइप लावला, शेवटी किंचाळून सुटला. झाकण पॅकिंगला घट्ट चिकटलं होतं. चपटा पेचकस घालून उचकटलं तसं पॅकिंग इंजिनाच्या बाजूला राहिलं आणि झाकण हातात आलं.

पॅकिंग कापलेल्या कागदाचं होतं, शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, लावून बसवलेलं. त्यात नवल नाही. तयार पॅकिंग मिळत नसलं की सगळे मेकॅनिक जाड कागद इंजिनाच्या तोंडावर धरतात आणि बारक्या हातोडीनं कडेकडेनं ठोकतात, म्हणजे हवा तसा आकार कापून निघतो. मी ब्लेडनं वरच्या कोपऱ्यापासून खरवडायला सुरुवात केली. शेलॅकचा पापुद्रा उडाला आणि खाली निळी अक्षरं दिसली.

ते पोस्टकार्ड होतं. तेलात बुडालेला कागद पिवळा पडतो, पण दौतीची शाई तेलानं जात नाही. काल लिहिल्यासारखी अक्षरं होती. मधला भाग कापून गेलेला, कडेची बोटभर पट्टी तेवढी उरलेली. मी बिडी विझवली आणि मान वाकडी करून वाचायला लागलो.

कार्डाच्या डोक्यावर 'श्री' नव्हता. पहिली ओळ पुरी होती. 'अंबूबाई मोरबाळे यांस कळवण्यास फार वाईट वाटते की'. पुढच्या ओळींची नुसती सुरुवातीची अक्षरं. 'दौलतराव', मग 'ताप', मग 'सोमवारी पहाटे', मग 'आम्हीच येथे अग्नी'. आणि तळाची ओळ पुन्हा पुरी होती. 'पत्र वाचताच फाडून टाकावे.'

दौलतराव म्हणजे अंबूआत्याचे मालक, माझे आतोबा. मी दोन वर्षांचा असताना ते होस्पेटकडं खाणीवर कामाला गेले. वर्षभर कार्डं यायची, मग यायची बंद झाली. आबा दोनदा शोधायला जाऊन आले. आत्या माहेरीच राहिली. ते येतील म्हणून ती रोज कुंकू लावत होती, वटपौर्णिमेला वड पुजत होती, आणि एवढ्या वर्षांत तिच्यापुढं वेगळं काही बोलायची कोणाची छाती झाली नव्हती. कार्डाच्या पट्टीवर साल दिसत होतं, सहासष्ट.

अशुभाचं पत्र घरात ठेवायचं नसतं, वाचायचं आणि तिथल्या तिथं फाडायचं, डोक्यावरून अंघोळ करायची, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आबांनी ते फाडलं नव्हतं. बहिणीला कळू नये म्हणून गाडीच्या पोटात दडवून ठेवलं होतं, असं मला वाटलं. माझ्या बापाची मला एकदम माया आली आणि रागही आला. हे कार्ड अलगद सोडवायचं, खिशात घालायचं, नवीन पॅकिंग बसवायचं आणि तोंड कायमचं बंद ठेवायचं, असं मी ठरवलं.

कडेनं रॉकेल सोडलं. ब्लेड आडवं धरून एकेक बोट करत पट्टी सुटी करत आणली. वरची ओळ सुटली, दोन्ही बाजू सुटल्या. तळाच्या ओळीशी आलो आणि ब्लेड शेलॅकच्या गाठीला अडलं. मी जरा जोर दिला. कार्ड फाटलं. पाव इंचाचा तुकडा नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ.

आणि माझ्या पोटाखालचं मडगार्ड वर आलं.

हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता सांगतो. जन्मभर मी यंत्रांत हात घातलेत, मला भास होत नाहीत. गाडीत बसलेला वजनदार माणूस उठून उतरला की गाडी जशी हलकी होऊन वर येते, तशी ती डाव्या अंगानं वर आली. सीटची स्प्रिंग करकरली. मी बोनेटच्या आडून वाकून बघितलं. डावं दार उघडं होतं, पुरतं नाही, अंग तिरकं करून एक माणूस जाईल एवढं. शेडमध्ये कोणी नव्हतं. चारही चाकांवर गाडी सारखी उभी होती.

घरातून आत्याचा आवाज आला. झोपेतला नव्हता, चांगला जागा होता.

"कोण उठलं रे?"

ती दारात आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आधी उघड्या दाराकडं बघितलं, मग शेडच्या तोंडाकडं, मग बाहेरच्या उन्हाकडं. रस्त्यावरून चाललेल्या माणसाकडं तो वळणाआड जाईपर्यंत बघावं तसं ती बघत राहिली. त्यानंतर ती जवळ आली आणि माझ्या हातातले दोन तुकडे तिला दिसले.

"फाटलं?" तिनं विचारलं.

"आत्या, मला माहीत नव्हतं. आबांनी तुला कळू नये म्हणून…"

"दादानं कशाला लपवावं? पोस्टमननं कार्ड माझ्याच हातात दिलं हुतं."

ती शेडमधल्या पालथ्या डब्यावर बसली. मग तिनं सगळं सांगितलं, सावकाश, धान्य निवडत बोलावं तसं. कार्ड आलं त्या दिवशी आबा याच झाकणाचं पॅकिंग करायला बसले होते आणि जाड कागद शोधत होते. कार्ड तिनं वाचलं होतं. फाडायला म्हणून तिनं ते दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या मनात आलं, फाडलं की माणूस गेला. जोवर फाडलं नाही तोवर त्याला जायला वाट नाही. ती शेडमध्ये गेली, कार्ड आबांच्या पुढं केलं आणि म्हणाली, दादा, हे घाल. आबांनी वाचलं. बहिणीच्या तोंडाकडं बघितलं. मग कार्ड इंजिनावर धरलं आणि हातोडी उचलली.

"झाकाण बसवलं, आणि सहा बोल्ट त्यानं असं आवळलं, असं आवळलं, की हाताला फोड आलं," आत्या म्हणाली. "तिसऱ्या दिवशी गाडी डावीकडं कलली. दादाच मला म्हणाला, अंबू, आलाय बघ. त्यापास्नं तिथं कुणाला बसू दिलं न्हाई त्यानं."

सहासष्टनंतर आबा होस्पेटला शोधायला कधीच गेले नाहीत, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. दोघं बहीणभाऊ सत्तावीस वर्षं एका घरात राहिले, एका ताटलीतली चटणी खाल्ली, आणि मला त्याचा वाससुद्धा लागू दिला नाही.

"म्हणून गाडीतनंच न्यायला सांगत होतीस?" मी विचारलं.

"त्यांस्नी हितं एकट्याला टाकून कशी येऊ मी?"

मी तिच्या पायाशी बसलो. शब्द मोडला म्हणून माफी मागायची होती. मी रडलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंड होता, पण रागाचा नव्हता. ते लई दमलं हुतं, एवढंच ती म्हणाली. मग तिनं मला आडाचं पाणी काढायला सांगितलं, दोन बादल्या, गरम नको.

मी बादल्या न्हाणीत ठेवल्या. नवीन कागद इंजिनावर धरून हातोडीनं ठोकायला लागलो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. न्हाणीतून डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज येत होता, तांब्यामागून तांब्या, बराच वेळ. मी झाकण बसवलं, बोल्ट बेतानं आवळले, इंजिन सुरू करून बघितलं. थेंबसुद्धा गळला नाही. शाबासकी द्यावी असं काम झालं होतं आणि मला त्या कामाची शिसारी आली होती.

आत्या बाहेर आली तेव्हा तिच्या हातांत बांगड्या नव्हत्या. कपाळावर कुंकवाच्या जागी रुपयाएवढा गोरा डाग होता. तिथल्या कातडीवर इतक्या वर्षांत ऊन पडलं नव्हतं. तिनं गाठोडं उचललं, घराला कुलूप लावलं, किल्ली तानूबाईकडं दिली आणि कुठं बसू एवढंसुद्धा न विचारता मागं जाऊन बसली. वाटेत निपाणीला चहा घेतेस का म्हटलं तर मान हलवून नको म्हणाली.

दिवेलागणीला इचलकरंजीत पोचलो. शालन भाकरतुकडा घेऊन दारात आली आणि ओवाळता ओवाळता थबकली. तिनं लग्न होऊन आल्यापासून आत्याचं कपाळ कधी मोकळं बघितलं नव्हतं. तुकडा खाली ठेवून तिनं आत्याचे दोन्ही हात हातात घेतले. होस्पेटहून काही कळलं असेल, असं तिला वाटलं असावं.

"कधी गेले?" तिनं हळूच विचारलं.

"आज दुपारी," आत्या म्हणाली. "दिगू हुता जवळ."

शालननं माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणालो.